टॉवेलाखालचा कीबोर्ड

लालासाहेबांनी आयुष्यात कधी कुणाला तोंडाने भाव सांगितला नव्हता. ते जनावरांच्या बाजारातले दलाल. बैल विकणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा, खाली बोटं दाबून आकडा ऐकायचा आणि तोच टॉवेल घेऊन घेणाऱ्याकडे जायचं. भोवती कितीही गर्दी असो, भाव फक्त दोन हातांना माहीत. ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी त्यांच्या बायकोने, बनुबाईंनी, किती भाकरी वाढू असं विचारलं तरी ते खांद्यावरचा टॉवेल चाचपतात, असं त्यांचा भाचा जयराज सांगायचा. जयराजच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं. पण हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यांनी टॉवेलाखाली बनुबाईंची दोन बोटं दाबली. बनुबाईंनी तीन वाढल्या.

"ह्या बाजारात माझं कवाच चाललं न्हाई," असं म्हणून त्यांनी तिन्ही खाल्ल्या.

जयराज आणि मी इस्लामपुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. साल अठ्ठ्याण्णव. मी सांगलीचा, नुकताच इंजिनिअर झालेला. जयराज माझ्याच वर्गातला. क्लास म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, रस्त्याकडेला एक खिडकी, समोरासमोर दोन टेबलं, दोन्ही टेबलांवर मखमली झाकण घातलेले कॉम्प्युटर, आणि दारावर पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात'. धुळीने कॉम्प्युटर बिघडतो अशी तेव्हा सगळ्यांची खात्री होती. आमचा कॉम्प्युटर धुळीविनासुद्धा बिघडायचा, पण पाटी होती.

त्या काळात इंटरनेटवर गप्पांच्या खोल्या असत. लोक लांब लांब बसून एकमेकांना टाइप करून बोलत. जयराजच्या डोक्यात आलं की अशा खोलीत माणसाच्या जागी एक प्रोग्राम बसवायचा. पुण्यामुंबईच्या व्यापाऱ्याने यावं, सांगलीच्या राजापुरी हळदीची चौकशी करावी, आणि या प्रोग्रामने त्याच्याशी घासाघीस करून सौदा ठरवावा. अशा बोलणाऱ्या प्रोग्रामला बॉट म्हणतात. जयराजने आपल्या बॉटचं नाव ठेवलं शेठ. सांगलीतले एक हळदीचे व्यापारी पुढच्या आठवड्यात शेठला बघायला येणार होते, म्हणजे जवळजवळ मुलगी बघायला यावं तसे.

अडचण अशी की आमच्याकडे इंटरनेट नव्हतं. मोडेमवरून पुण्याला फोन लावायचा, तो लागला की कट व्हायचा. म्हणून जयराजने एक खोटा सर्व्हर केला. तो एका टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालायचा. दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर शेठ बसायचा. मध्ये जमिनीवरून एक केबल. सर्व्हरचं नाव बाजार. कुणी जोडलं गेलं की पडद्यावर यायचं, 'अमुक बाजारात आले'. जोड तुटली की, 'अमुक बाजारातून गेले'. शेठला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपण खऱ्या इंटरनेटवर बसलो आहोत, साऱ्या जगाशी बोलतो आहोत, अशीच त्याची समजूत होती.

आता त्याच्याशी घासाघीस करायला कुणीतरी पाहिजे होतं. मी केली. पहिल्याच भावाला मी हो म्हणालो.

"तू कसला सांगलीचा," जयराज म्हणाला. "मामांना आणतो."

मामा आले ते बाजिंदाला घेऊनच. बाजिंदा म्हणजे त्यांचा खिल्लार बैल, पांढरा, उंच, आणि स्वतःच्या दिसण्याची पूर्ण कल्पना असलेला. त्याच्या खुरांना नव्या पत्र्या मारून घ्यायला ते इस्लामपुरात आले होते. त्यांनी त्याला आमच्या खिडकीच्या गजाला बांधलं, चपला काढल्या, आणि आत येऊन कॉम्प्युटरला हात जोडले.

"गिऱ्हाईक कुठं हाय?"

जयराजने समोरच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "त्या डब्यात. पण मामा, तो माणूस नाही बरं का. प्रोग्राम आहे."

"म्हंजे कसला?"

"आपण बोललो की तो उत्तर देतो. हळदीचा सौदा करतो."

"हळदीतलं मला काय कळत न्हाई. बैलाचं बोलायला लाव."

जयराजने थोडा विचार केला आणि शेठच्या प्रोग्राममध्ये जिथे जिथे 'हळद' होतं तिथे तिथे 'बैल' घातलं. कॉम्प्युटरला हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत जमतं. त्याने जे करायला नको होतं ते हेच.

"आन् कुठला बैल?" लालासाहेबांनी विचारलं.

"कुठलाही धरा हो मामा. मनातला."

"मनातला बैल मला इकता येत न्हाई. बैल समोर दिसल्याबिगर मी बोलत न्हाई." मग खिडकीकडे बघून म्हणाले, "बाजिंदाचं बोलतो. त्याला न्हाईतरी कोन घेणार?"

हे खरं होतं. लालासाहेब दरवर्षी बाजिंदाला खरसुंडीच्या यात्रेत न्यायचे, आणि कुणी विचारलं की टॉवेलाखाली असा भाव दाबायचे, की समोरचा हात झटकन काढून घ्यायचा. मग तो माणूस बाजिंदाभोवती एक फेरी मारायचा, पाठीवर हात फिरवायचा, "बैल हाय पर," म्हणायचा आणि निघून जायचा. हे 'बैल हाय पर' ऐकायला लालासाहेब यात्रेला जात. बाजिंदा वासरू असताना बनुबाईंनी त्याला बाटलीने दूध पाजलं होतं. तो विकायचा नव्हताच.

सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर मी टाइप करायला बसलो, कारण लालासाहेब आकड्यांशिवाय काही टाइप करू शकत नव्हते. ते बोलायचे, मी लिहायचो. शेठ जे लिहायचा ते मी वाचून दाखवायचो.

"राम राम म्हणा त्यास्नी. गाव कुठलं ईचारा."

शेठचं उत्तर आलं: 'तुमचा बैल राजापुरी आहे का?'

लालासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "राम राम घेतला न्हाई?"

"घेतला नाही."

"घमेंडखोर दिसतंय. सांगा, खिल्लार हाय. आटपाडीकडचा."

'बैल उकळून वाळवला आहे का?'

मी मान खाली घातली. जयराज आपला केबलीजवळ काहीतरी शोधायला लागला.

"भाच्या," लालासाहेब सावकाश म्हणाले, "हा काय ईचारतोय?"

"ते हळदीचं राहिलंय मामा. हळद उकळून वाळवतात ना."

"न्हाई न्हाई. राहू द्या. मी वळखला ह्याला." त्यांचे डोळे बारीक झाले. "गिऱ्हाइकाची ही जुनी खोड हाय. वाकडं बोलायचं, मालकाचं डोस्कं फिरवायचं, आन् रागाच्या भरात भाव पाडून घ्यायचा. लिहा मास्तर, व्हय म्हणावं. रोज उकळतो, आन् रोज वाळवतो."

'बैल पॉलिश केलेला आहे का?'

"खिडकीतनं बघ म्हणावं. डोळं फुटल्यात का तुजं?"

'बैल किती पोत्यांत आहे?'

"ह्यो लय पोचलेला गडी हाय," लालासाहेब म्हणाले. मला पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात आदर ऐकू आला. "शिवी देत न्हाई, हसत न्हाई. पोत्यात भरून मागतोय बाजिंदाला. आता भावावर येऊ द्या."

शेठने भाव विचारला. लालासाहेबांनी मला उठवलं, स्वतः खुर्चीत बसले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून कीबोर्डवर पसरला.

"मामा, आकडा पडद्यावर दिसतोच आहे," जयराज म्हणाला.

"मग नगं दिसू दे."

जयराजला प्रोग्राम बदलावा लागला. पासवर्डच्या जागी जसे तारे येतात तसे आकड्याच्या जागी तारे येतील अशी सोय केली. लालासाहेबांनी टॉवेलाखाली हात घातला. आकड्यांची बटणं कीबोर्डच्या उजव्या अंगाला वेगळी असतात आणि पाचावर बारीक उंचवटा असतो, हे मी सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आकाशाकडे बघत बटणं दाबली. तारे बरेच आले.

"लय गार हात हाय ह्याचा," ते म्हणाले. "घाम बी न्हाई. खोटं बोलतोय का खरं, काय कळायला मार्ग न्हाई."

शेठने भाव फेटाळला. लालासाहेब खूष झाले. त्यांनी पुन्हा दाबला, तोच. शेठने पुन्हा फेटाळला. असं बराच वेळ चाललं. मध्ये चहा आला. लालासाहेबांनी शेठसाठीही एक कप मागवला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. तो निवल्यावर जयराजने प्यायला. खिडकीबाहेर बाजिंदाने शेजारच्या दुकानाच्या दारातला पुठ्ठा खाल्ला. आणि मग एकदाचं पडद्यावर आलं: 'सौदा पक्का. माल पाठवा.'

मी ते वाचून दाखवलं आणि जयराजकडे बघितलं. जयराजचा चेहरा उतरला होता. नंतर त्याने मला सांगितलं की टेस्टिंग फार लांबू नये म्हणून त्याने शेठला शिकवून ठेवलं होतं: समोरचा भाव सोडतच नसेल, तर कंटाळून हो म्हणायचं. ते काढायचं राहून गेलं होतं.

लालासाहेबांचा हात अजून टॉवेलाखालीच होता.

"काय म्हनला?"

"सौदा पक्का, माल पाठवा."

"त्या भावाला?"

"त्या भावाला."

त्यांनी हळूच टॉवेल काढला, झटकला, घडी घातली आणि खांद्यावर ठेवला. मग खिडकीबाहेर बघितलं. बाजिंदा पुठ्ठा चघळत होता.

"मामा, हे खोटं आहे हो सगळं," जयराज घाईघाईने म्हणाला. "सर्व्हर खोटा, बाजार खोटा, गिऱ्हाईकसुद्धा..."

"शबुद माझा हाय न्हवं?"

"अहो पण दिलाय कुणाला?"

"मी बहिऱ्यासंगं सौदा केलाय, मुक्यासंगं केलाय. एकदा एक गडी सौदा झाल्यावर तिथंच मेला, त्याच्या भावाला बैल दिला. समोर कोन हाय ते ज्याचं त्यानं बघावं. टावेलाखाली ठरलेलं मी आजवर मोडलं न्हाई."

"मग शेठलाच सांगू ना मोडायला."

"सांग. गिऱ्हाईकानं मोडला तर माझी ना न्हाई."

मी टाइप केलं: सौदा मोडायचा आहे. शेठ म्हणाला: 'सौदा पक्का. माल पाठवा.' मी लिहिलं, बैल आजारी आहे. 'सौदा पक्का. माल पाठवा.' मी लिहिलं, बैल मारका आहे, म्हातारा आहे, आणि पुठ्ठा खातो. 'सौदा पक्का. माल पाठवा.' सौदा झाल्यावर माणसाला आणखी काय बोलायचं असतं, असं जयराजला वाटलं होतं, म्हणून त्याने शेठला पुढचं दुसरं वाक्यच दिलं नव्हतं.

"चिवट हाय," लालासाहेब म्हणाले आणि कपाळाचा घाम पुसला.

मग त्यांनी आम्हाला त्यांच्या बाजारातली एक रीत सांगितली. सौदा झाला तरी बैल लगेच घेणाऱ्याचा होत नाही. मालक दावं पुढे करतो, घेणारा ते हातात धरतो, तेव्हा बैल त्याचा. दावं न धरताच गिऱ्हाईक बाजारातून उठून गेलं, तर बैल परत मालकाचा आणि शब्दही मोकळा.

"मग झालं की," जयराज म्हणाला आणि शेठचं बटण बंद करायला धावला.

"हात लावू नगंस." लालासाहेबांचा आवाज चढला नाही, पण जयराज जागीच थांबला. "तू बटन दाबून त्येला हाकलणार. ते जानं न्हवं, ते हाकलनं झालं. त्यो आपनहून गेला पायजे. रात्रभर बसू द्या त्येला. सकाळी दावं घेऊन येतो."

त्या दिवशी मी आणि जयराजने महाराष्ट्राच्या वीजमंडळावर जेवढी आशा ठेवली तेवढी कुणी ठेवली नसेल. एरवी रोज संध्याकाळी जाणारी लाईट त्या रात्री नेमकी गेली नाही.

सकाळी क्लासच्या दारात बाजिंदा उभा होता. शिंगांना लाल हिंगूळ लावला होता, गळ्यात घुंगरांची माळ. सासरी जाणाऱ्या मुलीला नटवावं तसा नटवला होता. दावं लालासाहेबांच्या हातात, आणि त्यांच्या मागे पदर कमरेला खोचून बनुबाई. त्या रात्रभर काय काय बोलल्या असतील ते लालासाहेबांच्या तोंडावर दिसत होतं.

"कुठाय त्यो?" बनुबाईंनी विचारलं.

जयराजने डब्याकडे बोट दाखवलं. बनुबाईंनी तो डबा वरून खाली, खालून वर बघितला.

"ह्याला हात न्हाईत."

"न्हाईत," लालासाहेब म्हणाले.

"गोठा हाय?"

"ईचारलं न्हाई."

"वैरण काय घालणार ह्यो बाजिंदाला? वायरी?"

"बनू, शबुद दिलाय."

"दिलाय तर दिलाय. म्या कुठं काय म्हनतीया. म्या आपली ईचारती."

बाजिंदाने तोपर्यंत अर्धं अंग दारातून आत घातलं होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी सवयीने पाटीकडे बोट दाखवलं.

लालासाहेबांनी पाटी बघितली, बाजिंदाच्या खुरांकडे बघितलं. "कालच मारल्यात पत्र्या, मास्तर. काढायच्या तर नालबंदाला बोलवावं लागंल."

मी पाटी उलटी करून ठेवली.

लालासाहेब पुढे झाले. त्यांनी शेठच्या कॉम्प्युटरसमोर उभं राहून डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दाव्याचं टोक कीबोर्डवर ठेवलं. उरलेलं दावं टेबलावरून खाली, जमिनीवरून, केबलीवरून दारातल्या बाजिंदापर्यंत गेलं होतं.

"घ्या पाव्हणं," ते म्हणाले. "धरा दावं."

लालासाहेब दाव्याकडे बघत होते, आम्ही लालासाहेबांकडे. शेठ काही धरत नव्हता आणि काही जातही नव्हता. पडद्यावर तेच: 'सौदा पक्का. माल पाठवा.' अशा तऱ्हेने आम्ही किती वेळ उभे राहिलो असतो कुणास ठाऊक. संगणकाला धीर फार.

बनुबाईंनी मात्र एकदा दाव्याकडे बघितलं, एकदा जमिनीवरच्या केबलीकडे बघितलं आणि दाराबाहेर गेल्या. रोज संध्याकाळी गोठ्यात बोलावतात तशी त्यांनी बाहेरून हाक घातली.

"बाजिंदा, घरला चल."

बाजिंदा वळला. आत येताना जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात तो बाहेर गेला. दावं कीबोर्डवरून सरकलं, टेबलावरून पडलं आणि जाता जाता केबलीला वेटोळं घालून तिला बरोबर घेऊन गेलं. केबलीचे स्क्रू जयराजने कधीच आवळले नव्हते. ती अलगद निघाली.

सर्व्हरच्या पडद्यावर एक ओळ आली. मी ती आधी मनात वाचली, मग मोठ्याने.

"शेठ बाजारातून गेले."

लालासाहेब सावकाश वळले. "परत वाचा."

"शेठ बाजारातून गेले."

"भाच्या, तू बटन दाबलंस?"

"नाही मामा. आईशप्पत नाही."

"मास्तर, तुमी?"

"माझे हात खिशात होते."

"दावं धरलं व्हतं का त्यानं?"

"नव्हतं धरलं."

लालासाहेब दारात गेले. बाजिंदा रस्त्याच्या मधोमध उभा होता, दाव्याला आमची केबल लोंबत होती आणि बनुबाई त्याच्या मानेखाली खाजवत होत्या.

"गिऱ्हाईक गेलं, बनू."

"जाईल न्हाई तर काय. बैल बघून भ्यालं." त्यांनी मान वर केली नाही. "असली गिऱ्हाइकं म्या लय बघितल्यात."

"मी केबल ओढली न्हवती."

"म्या बी न्हाई. म्या हाक मारली. आपल्या बैलाला हाक मारायची चोरी हाय का आता?"

लालासाहेबांनी यावर विचार केला. बाजारातल्या सगळ्या रीती त्यांनी मनात चाळून पाहिल्या असाव्यात, आणि हाक मारू नये अशी एकही रीत त्यांना सापडली नसावी. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्यात तोंड घालून हसले, का आणखी काही केलं, ते आम्हाला दिसलं नाही. टॉवेलाखालचं कुणाला दिसत नाही.

केबल सोडवून घेऊन जयराजने पुन्हा जोडली. 'शेठ बाजारात आले.' आणि लगेच पुढे: 'तुमचा बैल राजापुरी आहे का?'

"त्येला म्हणावं," लालासाहेब दारातूनच म्हणाले, "आदी राम राम घालायला शीक."

ते जयराजने त्याच दिवशी शिकवलं. सांगलीचे व्यापारी आले तेव्हा शेठने त्यांना राम राम घातला, पाऊसपाणी विचारलं, घरचे कसे आहेत ते विचारलं. व्यापारी इतके खूष झाले की घासाघीस करायचं विसरले आणि शेठच्या घरी कोण कोण असतं ते विचारत बसले. पुढे त्याचं काय झालं ती जयराजची गोष्ट आहे, ती त्याने लिहावी.

पुढच्या यात्रेला मी मुद्दाम खरसुंडीला गेलो. लालासाहेब बाजिंदाजवळ उभे होते, पहिल्यापेक्षा ताठ. एक माणूस भाव ऐकून हात काढून घेत होता.

"असला भाव कुनी देतं का, लालासाहेब?"

"दिला व्हता की. गेल्या साली."

"कोन?"

"इस्लामपुरातलं गिऱ्हाईक. लय पोचलेला गडी, रात्रभर बसला. सकाळी बैल बघून भ्याला आन् गेला."

तो माणूस बाजिंदाभोवती एक फेरी मारून "बैल हाय पर" म्हणाला आणि गेला. मग लालासाहेबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ज्या भावाला शेठ हो म्हणाला तो मला अजून माहीत नव्हता. मी विचारल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझा हात हातात घेतला, वर टॉवेल टाकला आणि माझी बोटं एकामागून एक दाबायला लागले. कधी दोन, कधी चार, मध्येच मनगट. मला ती भाषा येत नव्हती. पण इतक्या विश्वासाने सांगितलं म्हणून मी मान हलवली.

त्यांनी झटकन हात काढून घेतला आणि बाजिंदाचं दावं पाठीमागे धरलं.

"मास्तर," ते म्हणाले, "बाजारात मान हलवू नगा."